चढाला बसणारी अबार्थ : गिअर बदलण्याच्या वेळेचं एक प्रकरण

तक्रार एका वाक्याची होती, साताऱ्याहून कासकडे जाणाऱ्या यवतेश्वर घाटाबद्दलची. "काका, हायवेला गाडी तीर हाय, पण यवतेश्वरच्या चढाला बसतीया."

गाडी फियाटची अबार्थ पुंटो. एमएच-१२ पासिंगची, पुण्याहून सेकंड हँड घेतलेली. स्पोर्ट्‌स कार म्हटलं की दोन दरवाज्यांचं, जमिनीला टेकलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. ही दिसायला साधी पाच दरवाज्यांची हॅचबॅक. पण आत १३६८ सीसीचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन आहे, ५५०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) १४५ बीएचपी देणारं, आणि पाच गिअरची मॅन्युअल पेटी. २०१५ मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडली तेव्हा एवढ्या ताकदीची हॅचबॅक आपल्या बाजारात शोधावी लागायची. आता ती बंद आहे, म्हणून हौशी पोरं जुन्या गाड्या हुडकून घेतात.

मालक पंचविशीतला. त्याच्या वडिलांची माझी जुनी ओळख, म्हणून मी 'काका'. मी गाडी शिकवतो. गॅरेज माझं नाही, पण गाडीचं दुखणं चालवणाऱ्याच्या पायात असलं की ते फिरून फिरून माझ्याकडे येतं. हे तसंच आलं. त्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने क्लच प्लेट गेली म्हणून सांगितलं, दुसऱ्याने टर्बो कमजोर झाल्याचं. दोन्ही खर्च ऐकून पोरगा हबकला होता.

नीट विचारल्यावर एका तक्रारीच्या तीन झाल्या. चढावर वळण घेऊन बाहेर पडताना रेस दिली तरी गाडी ओढत नाही, नुसती थरथरते आणि मग एकदम सुटते. उतरताना तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकलं की धक्का बसतो, कधी कधी 'किर्र' असा आवाज येतो. आणि कासच्या फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारच्या गर्दीत एसटीच्या मागे चढताना क्लच जळाल्याचा वास आला होता. तिन्हींचं मूळ एकच असेल असं त्याला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही लगेच वाटलं नाही.

आधी गाडीला निर्दोष ठरवलं

चालवणाऱ्यावर बोट ठेवण्याआधी गाडी तपासून घेतलेली बरी, नाहीतर आपलं शिकवणं आणि त्याचा खर्च दोन्ही वाया. क्लच घसरतोय का हे बघायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. लिंब खिंडीच्या चढाला रस्ता मोकळा बघून गाडी चौथ्यात ठेवली, ऐंशीच्या वेगाला, आणि पाय पूर्ण दाबला. क्लच प्लेट संपलेली असेल तर आरपीएमची सुई उडी मारते आणि वेग मात्र तिथेच रेंगाळतो. इथे दोन्ही सुया हातात हात घालून वर गेल्या. क्लच धरत होता.

टर्बोचंही तसंच. अडीच हजारांच्या वर गाडी पाठ सीटला दाबत होती, मागे धूर नव्हता, इंजिनचा दिवा लागत नव्हता. कमजोर टर्बो हायवेला शहाण्यासारखा वागून फक्त यवतेश्वरला रुसत नाही.

मग मी डाव्या सीटवर बसलो आणि म्हणालो, "चल वर. रोज चालवतोस तशीच चालव."

समर्थ मंदिर सोडलं की

शहराची चढण संपते आणि घाटाची सुरू होते. डावी-उजवी वळणं, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली पसरलेला सातारा आणि समोर अजिंक्यतारा. पर्यटक बघतात तिकडे. मी त्याची सुई आणि डावा पाय बघत होतो.

पहिल्यातून दुसऱ्यात ठीक गेला. दुसऱ्यात चाळीसचा वेग झाला, सुई पावणेतीन हजारांच्या आसपास, आणि त्याने तिसरा टाकला. सुई एकोणीसशेच्या खाली पडली. चढ चालूच होता, त्यामुळे गिअर बदलायला गेलेल्या तेवढ्या वेळातही वेग थोडा उतरला होता. सतराशे. समोर वळण आलं, त्याने ब्रेकला पाय लावला, गाडी पंचविसावर आली, गिअर तोच. आता सुई बाराशेच्या घरात. वळणातून बाहेर पडताना त्याने पाय पूर्ण दाबला. डॅशबोर्ड थरथरला, इंजिन घुमल्यासारखं झालं, पुढे काही सरकेना. मागच्या वडापच्या जीपवाल्याने हॉर्न दिला. मग गाडी कशीबशी दोन हजारांवर पोचली आणि एकदम सुटली, नेमकी पुढच्या वळणाच्या तोंडाशी. तिथे पुन्हा ब्रेक, पुन्हा तेच.

"बघितलंत? बसती का न्हाय?"

"बसती. पण तू बसवतोयस."

त्याला हे पटायला वेळ लागला, कारण तो वाईट ड्रायव्हर नव्हता. हात स्थिर, आरसे बघायचा, विनाकारण ओव्हरटेक करायचा नाही. मी त्याला आधी कुठली गाडी चालवायचास म्हणून विचारलं. वडिलांची डिझेल स्विफ्ट. तिथेच गाठ सुटली. १२४८ सीसीचं ते डिझेल इंजिन १९० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २००० आरपीएमलाच देतं आणि ४००० ला त्याची ७५ पीएसची सगळी ताकद संपते. त्या गाडीत अडीच हजारांना गिअर बदलणं हा शहाणपणा आहे, त्यापुढे ओढून हाती फक्त आवाज लागतो. पोरगा त्या इंजिनाच्या कानाने अबार्थ चालवत होता. गंमत अशी की ते डिझेल इंजिनही मुळात फियाटच्याच रचनेचं. घर एकच, स्वभाव दोन.

अबार्थचा स्वभाव असा : २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, २००० ते ४००० आरपीएम या पट्ट्यात. म्हणजे दोन हजारांच्या खाली ती जवळजवळ बिनटर्बोची चौदाशे सीसीची गाडी असते. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आणि तो फिरतो एक्झॉस्टच्या वायूवर. इंजिन बाराशेवर रेंगाळत असेल तर तेवढा वायूच येत नाही, मग पाय कितीही दाबा. उलट कमी आरपीएमला पूर्ण पाय दाबणं पेट्रोल इंजिनाला जास्त जाच करतं. पिस्टन सावकाश हलतोय, सिलिंडरात दाब आणि उष्णता वाढतेय, अशा वेळी पेट्रोल वेळेआधी भडकून 'खटखट' होण्याची शक्यता वाढते. कॉम्प्युटर ते ओळखून ठिणगीची वेळ मागे ओढतो, आणि त्याने उरलीसुरली ताकदही कमी होते. 'गाडी थरथरते पण ओढत नाही' याचं एवढंच कारण होतं.

उंचीचा यात फारसा हात नाही, हे सांगतो कारण कोणीतरी त्याला ते कारणही दिलं होतं. कास समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवर आहे. साताऱ्यापेक्षा तिथली हवा थोडी विरळ, आणि बिनटर्बोच्या गाडीला ते जाणवू शकतं. टर्बो मात्र ती उणीव बऱ्यापैकी भरून काढतो. फिरू दिला तर.

सुई कुठे पडणार?

बहुतेक शिकाऊ विचारतात, "किती आरपीएमला गिअर बदलायचा?" प्रश्न उलटा आहे. वरचा गिअर पडल्यावर सुई कुठे येऊन थांबेल, हे आधी माहीत हवं. ती जागा इंजिनाला झेपणारी असेल तर बदला, नसेल तर थांबा.

हे काढायला कंपनीची पुस्तिका लागत नाही. रविवारी सकाळी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. सपाट रस्ता, पन्नासचा एकसारखा वेग. दुसऱ्यात सुई साडेतीन हजारांच्या जवळ, तिसऱ्यात चोवीसशेच्या आसपास. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर जवळपास दीडपटीचं. तिसऱ्या-चौथ्यात ते सव्वापटीहून थोडं जास्त निघालं, चौथ्या-पाचव्यात त्याहून कमी. पहिल्या-दुसऱ्यातली उडी सगळ्यात मोठी, पावणेदोन पटीच्या पुढे. जवळजवळ सगळ्याच मॅन्युअल गाड्यांत हीच रीत असते : खालचे गिअर लांब-लांब, वरचे दाटीने. म्हणून 'सगळे गिअर अडीच हजारांना' असा एकच नियम कुठल्याच गाडीला नीट बसत नाही. त्याच अडीच हजारांना चौथ्यातून पाचव्यात गेलं तर सुई दोन हजारांवर राहते आणि पहिल्यातून दुसऱ्यात गेलं तर चौदाशेवर आपटते.

आता चढाचं गणित त्यालाच करायला लावलं. चढावर तिसऱ्यात गेल्यावर सुई निदान अडीच हजारांवर हवी, कारण टर्बोचा पट्टा दोन हजारांना सुरू होतो आणि गिअर बदलताना चढ वेग खातो, त्याची सोय म्हणून वरचे पाचशे. अडीच हजारांची दीडपट, पावणेचार हजार. म्हणजे यवतेश्वरला दुसरा गिअर पावणेचार हजारांपर्यंत धरायचा. पोरगा पावणेतीन हजारांना सोडत होता. एका हजाराचा फरक, आणि तेवढ्यावर टर्बो बदलायची पाळी आली होती.

सपाटीला हाच माणूस त्याच अडीच-पावणेतीन हजारांना गिअर बदलत गेला तर काहीही बिघडत नाही. तिथे गाडीकडून मागणं कमी आहे. दोन हजारांच्या खाली सुई पडली तरी हलक्या पायाने ती सावकाश वर येते आणि पेट्रोल वाचतं. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जाताना चार हजारांपर्यंत दुसरा ओढणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही.

त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. "आणि पूर्ण ताकद पायजे असंल तर? टॉर्क चार हजारांनाच संपतोय, मग चार हजारांनाच बदलायचा ना?"

हा गैरसमज चांगल्या चांगल्यांना असतो, म्हणून इथे जरा थांबतो. इंजिनाचा टॉर्क चाकापर्यंत थेट पोचत नाही. गिअर त्याला गुणतो. दुसऱ्याचा गुणाकार तिसऱ्याच्या दीडपट. ५५०० ला १४५ बीएचपी म्हणजे टॉर्क साधारण १८८ न्यूटन-मीटर, म्हणजे २१२ वरून उतरलेला. पण त्याच क्षणी तिसऱ्यात गेलात तर सुई ३७०० च्या आसपास येईल, टॉर्क पुन्हा २१२, गुणाकार मात्र दीडपटीने कमी. १८८ ची दीडपट २८२, समोर २१२. चाकाला दुसऱ्यातच जास्त ओढ मिळते. ताकदीच्या हिशोबातही तेच दिसतं : ३७०० ला हे इंजिन जेमतेम ११० बीएचपी देतं, तर ५५०० ला १४५. म्हणून जास्तीत जास्त वेगाने निघायचंच असेल तर गिअर ताकदीच्या शिखराच्या थोडा पुढे, लाल पट्टीच्या अलीकडे बदलायचा. टॉर्कचा पट्टा संपतो तिथे नाही.

हा शिखराचा आकडा गाडीगणिक बदलतो. होंडाची एस२००० ही मॅन्युअल स्पोर्ट्‌स कार घ्या. तिच्या दोन लिटरच्या बिनटर्बो इंजिनाचं ताकदीचं शिखर ८३०० आरपीएमला, टॉर्कचंही साडेसात हजारांना. सहा हजारांच्या आसपास व्हीटेक, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची तिची यंत्रणा, दुसऱ्या कॅमवर जातं तेव्हा कुठे ती गाडी जागी होते. अबार्थच्या सवयीने तिला साडेपाच हजारांना गिअर टाकला तर ती आयुष्यभर झोपेतच राहील. आकडे पाठ करू नका म्हणतो ते यासाठी. तुमच्या गाडीच्या कागदावर टॉर्क कुठून कुठे आहे आणि ताकदीचं शिखर कुठे आहे या दोन गोष्टी बघा, आणि पन्नासच्या वेगाला दोन-दोन गिअरमधला फरक मोजा. बाकीचं आपोआप सुचतं.

घाटात मात्र साडेपाच हजारांचं काम नाही. ते त्याला बजावून सांगितलं. वळणापलीकडे काय आहे हे दिसत नसताना गाडी किती वेगाने सुटते याला काही अर्थ नसतो.

वळणाच्या आधी, वळणात नाही

वरचा गिअर टाकण्याची वेळ सुधारली तरी अर्धंच काम झालं होतं. हा पोरगा वरचा गिअर लवकर टाकायचा आणि खालचा उशिरा. ही जोडी नेहमी बरोबरच येते, कारण दोन्हींच्या मागे रेसच्या आवाजाची भीती असते.

तिसऱ्यातच वळणात शिरायचं, गाडी मेल्यासारखी झाली की मग वळण चालू असताना क्लच दाबून दुसरा टाकायचा, असं त्याचं चालायचं. यात तीन गोष्टी बिघडतात. स्टिअरिंगवर दोन हात हवेत तेव्हा एक हात गिअरवर जातो. क्लच दाबलेला असेपर्यंत इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटलेला असतो, गाडी नुसती घरंगळते. आणि क्लच झटक्यात सोडला की तो धक्का पुढच्या चाकांना बसतो, जी या गाडीत वळवण्याचं आणि ओढण्याचं अशी दोन्ही कामं करत असतात. कोरड्या रस्त्यावर हे खपून जातं. ऑगस्टमध्ये, कासकडे धुकं उतरलेलं आणि डांबर शेवाळलेलं असताना, पुढची चाकं तेवढ्या धक्क्याने सरळ निघू शकतात.

म्हणून क्रम बदलला. वळण दिसलं की सरळ रस्त्यावरच ब्रेक, वेग उतरला की तिथेच दुसरा, क्लच पूर्ण सुटलेला, आणि मग स्टिअरिंग. वळणाच्या मध्यापासून हलकी रेस. पहिल्या दिवशी तो प्रत्येक वळणाला "आत्ता?" असं विचारत होता. मी उत्तर द्यायचं बंद केल्यावर हळूहळू जमायला लागलं.

फार आखूड वळणं आणि एसटीच्या मागची रांग यांचं वेगळं आहे. पंचविसाच्या वेगाला दुसऱ्यातही सुई सतराशेवर असते, म्हणजे पट्ट्याच्या खालीच. विसाच्या खाली गाडी आली आणि समोर चढ असला तर पहिला टाकावा लागतो. चालत्या गाडीत पहिला टाकायचा नाही असं आपल्याकडे घरोघर शिकवलेलं असतं. जुन्या गाड्यांत पहिल्याला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी आतला वेग जुळवणाऱ्या रिंगा, नसायचे तेव्हा ते बरोबरही होतं. आता पहिल्यालाही सिंक्रो असतात. दहा-पंधराच्या वेगाला, रेस थोडी वाढवून, घाई न करता टाकला तर तो गुपचूप पडतो. या पोराने पहिला टाकायचं टाळण्यासाठी दुसऱ्यात अर्ध्या क्लचवर गाडी तरंगत ठेवली होती, एसटीच्या मागे, भर चढावर. जळका वास तिथला. रांग थांबत-चालत असेल तर पुढच्या गाडीला थोडं जाऊ द्यायचं, जागा झाली की पहिल्यात क्लच पूर्ण सोडून तेवढं अंतर जायचं, पुन्हा हँडब्रेकवर थांबायचं. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे. क्लच प्लेटचे पैसे तो देणार नाही.

उतरताना

'ज्या गिअरला घाट चढलात त्याच गिअरला उतरा' हे आपल्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरने ऐकलेलं असतं. भरलेल्या ट्रकला आणि बसला ते चोख लागू आहे. अबार्थसारख्या गाडीला ते थोडं फसवं आहे. ताकद भरपूर म्हणून ती एखादा चढ तिसऱ्यात सहज काढते. त्याच उतारावर तिसऱ्यात चौदाशे सीसीच्या लहान इंजिनाचा अटकाव पुरत नाही आणि ब्रेक सतत दाबावे लागतात. तेव्हा उतारावर असा गिअर हवा की पाय ब्रेकवर न ठेवता गाडी आपल्या वेगात राहील. यवतेश्वरच्या बऱ्याच भागात तो दुसरा आहे. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटातून खाली येतानाही बहुतेक वेळ दुसराच. न्यूट्रलमध्ये उतरवून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजून भेटतात. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये पाय काढला की पेट्रोल बहुतेक बंदच होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं.

आता तो 'किर्र'. इथे मला खालीच बघावं लागलं. त्याने कंपनीच्या कापडी मॅटवर जाड रबरी मॅट टाकली होती, आणि तिची घडी क्लचच्या पेडलखाली आली होती. पेडल शेवटपर्यंत जात नव्हतं. क्लच पूर्ण तुटत नव्हता, आणि हा पोरगा सत्तरच्या वेगाला तिसऱ्यातून दुसऱ्यात दांडा हिसक्याने ओढत होता. पन्नासच्या वेगाचं गणित केलेलंच होतं : सत्तरला तिसऱ्यात तेहतीसशे, दुसऱ्यात अठ्ठेचाळीसशे. एवढा फरक सिंक्रोच्या बारीक रिंगेने, अर्धवट सुटलेल्या क्लचशी भांडत, क्षणात भरून काढायचा. ती ओरडणारच. रबरी मॅट काढून डिकीत टाकली.

धक्क्याचं कारण निराळं. दुसरा पडला तरी इंजिन अजून खालच्या आरपीएमवर असतं. क्लच सोडताना चाकं त्याला फरफटत वर आणतात. म्हणून क्लच दाबलेला असतानाच रेसला एक टिचकी द्यायची, सुई दुसऱ्याच्या जागेजवळ आणायची, मग क्लच सोडायचा. त्याने व्हिडिओ बघून टाच आणि चवडा वापरून ब्रेक-रेस एकत्र दाबायचा खटाटोप केला होता आणि बुटाची कड ब्रेकला अडकवून घेतली होती. ट्रॅकवर ते शोभतं. घाटात आधी ब्रेक मारून वेग आणायचा, ब्रेक सोडायचा, मग टिचकी आणि गिअर. एवढं सावकाश चालतं.

एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. क्लच दाबून दिलेली टिचकी सिंक्रोला मदत करत नाही. क्लच दाबलेला म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून सुटं. टिचकी फक्त क्लच सोडताना होणारा धक्का मारते. सिंक्रोचं ओझं हलकं करायचं तर जुन्या ट्रकवाल्यांचा डबल क्लच हवा : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. ज्या पेट्यांत सिंक्रो नव्हते त्यांत ही कला नसेल तर गिअर पडतच नसे. आजच्या गाडीला ती रोज लागत नाही, पण ज्याच्या दुसऱ्याची रिंग दुखावली आहे त्याने शिकून घ्यावी. हा पोरगा ती शिकला, आणि त्याला ती रेसच्या टिचकीपेक्षा जास्त आवडली.

उतारावर एक धोका मी त्याला गाडी उभी करून, कागदावर दाखवला. पाय दाबून इंजिन लाल पट्टीवर नेलं तर कॉम्प्युटर पेट्रोल तोडून त्याला थांबवतो. पण खालचा गिअर चुकीच्या वेगाला टाकलात तर इंजिनाला चाकं फिरवतात, पेट्रोल नाही. तिथे कॉम्प्युटर काही करू शकत नाही. तिसऱ्यात पंचेचाळीसशेवर असताना दुसरा टाकला की सुई साडेसहा हजारांच्या पुढे. पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला तर हिशोबच करायला नको, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडू शकते. म्हणून खाली येताना एकेक गिअर, दांडा मुठीत आवळून नाही, तळव्याने ढकलून.

पुढे काय झालं

महिन्याभराने पोरगा भेटला तेव्हा चढाची तक्रार संपली होती. टर्बोला कोणी हात लावला नव्हता, क्लच प्लेट तीच होती. जळका वास परत आला नाही. पेट्रोलचा खर्च मात्र घाटात कमी झाला नाही. त्याला तो होईल असं वाटत होतं. पावणेचार हजारांपर्यंत दुसरा धरणारी गाडी जास्त पिणारच. आधी ती कमी पीत नव्हती, नुसती रेंगाळत होती. हायवेला त्याचं मायलेज जसं होतं तसंच आहे, कारण तिथे तो आधीही बरोबरच चालवत होता.

वडिलांचं समाधान झालेलं नाही. ते शेजारी बसले की म्हणतात, "एवढी रेस कशाला देतोस? इंजिन फाडशील." स्विफ्टच्या हिशोबाने त्यांचं बरोबर आहे. मी त्यांना एकदा आरपीएमची सुई दाखवली, त्यांनी चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं.

'किर्र' पूर्ण गेलेला नाही. सकाळी गाडी थंड असताना, गिअर ऑइल घट्ट असतं तेव्हा, तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना अजून कधीतरी दाताला दात लागल्यासारखं जाणवतं. बहुधा दुसऱ्याच्या रिंगेची झीज आधीच झाली आहे, आणि झीज सवयीने भरून येत नाही. गिअर ऑइल बदलून घेतलं, त्याने फरक पडला पण थोडा. सध्या त्याला एवढंच सांगितलंय की घरून निघाल्यावर पहिले काही किलोमीटर दुसऱ्यात यायचं तर वेग चांगला उतरू द्यायचा, नाहीतर डबल क्लच मारायचा. गिअरबॉक्स केवळ त्या रिंगेसाठी आत्ता उतरवू नकोस. पुढे क्लच प्लेट खरोखर संपेल तेव्हा पेटी खाली येणारच आहे. उतरवायची मजुरी तीच, तेव्हाच दुसऱ्याची रिंग आणि क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग बदलून घे. जुन्या अबार्थचे सुटे भाग मिळायला वेळ लागतो, म्हणून रिंग मात्र आतापासून शोधून ठेव.